मावशी चावली

मावशी चावली, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळे हसले. मावशी म्हणजे घोडेस्वारीच्या शाळेतली तपकिरी घोडी. कागदोपत्री तिचं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण तिच्या पाठीवर बसून शिकलेल्या पोरांनी तिची मावशी केली आणि तेच चिकटलं. शाळेच्या मॅडम तिच्या मानेवर थाप मारून म्हणायच्या, "माय मरो आणि मावशी जगो." रडकं मूल येवो, नाहीतर पाय लटपटणारा म्हातारा, त्याला आधी मावशीवर बसवायचं. शेजारून ट्रक भोंगा वाजवत गेला तरी ती फक्त कान हलवायची.

तिला सांभाळणारा मोतद्दार शाळेत सगळ्यात जुना. त्याला सगळे मौनीकाका म्हणत, कारण दिवसभरात तो माणसांशी जेवढं बोले त्यापेक्षा जास्त घोड्यांशी बोले. घरी त्याच्या वाटचंही त्याची बायकोच बोलायची. "यांच्याशी भांडण्यापेक्षा भिंतीशी भांडावं," ती शेजारणीला सांगायची, "भिंतीतून निदान आवाज तरी परत येतो." पण कामात माणूस चोख. त्याने खरारा केलेल्या घोड्याच्या अंगावर धुळीचा कण सापडत नसे.

मावशीचं खोगीर जुनं होतं. मॅडमच्या वडिलांनी एका निष्णात कारागिराकडून करून घेतलेलं. आता वडीलही नव्हते आणि तो कारागीरही. ते खालच्या दांड्यावरच ठेवायचं, वर चढवायचं नाही, अशी मॅडमची ताकीद होती. पण खाली ठेवलं की सारखं वाकावं लागे आणि मौनीकाकाची कंबर आताशा कुरकुरायची. म्हणून तो ते वरच्या फळीवर ठेवू लागला. एका दुपारी चामड्याला तेल लावताना हात बुळबुळीत झालेले, त्याच हातांनी त्याने ते वर सरकवलं आणि ते निसटून थेट फळीखालच्या पाण्याच्या हौदाच्या दगडी काठावर आपटलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

त्याने झटकन वाकून उचललं. चामड्यावर ओरखडा नव्हता. शिवण शाबूत. त्याने इकडून तिकडून चाचपलं, पुसलं आणि निमूटपणे खालच्या दांड्यावर ठेवलं. आवाज दगडाचा असेल, असं त्याने ठरवून टाकलं. त्याला तसं वाटलं नव्हतं, त्याने ठरवलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशी बिघडली. आधी खोगीर येताना दिसलं की कान मागे पाडायला लागली. मग कुणी पाठीवर बसलं की शेपटी फटकारायची, पाठ आखडून उभी राहायची, पाऊल टाकायची नाही. खोगीर उतरवलं की पुन्हा तीच शहाणी मावशी, पोरांच्या हातातून गाजर खाणारी. एक दिवस मौनीकाका पोटाखालचा तंग आवळत असताना तिने मान वळवून त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला.

मौनीकाकाने तंगाचा पट्टा तिच्या तोंडावर हाणला.

इतक्या वर्षांत त्याने एकाही घोड्यावर हात उचलला नव्हता. मावशी मागे सरली नाही. मान उंच करून, डोळे मोठे करून जागच्या जागी उभी राहिली, नाकपुड्या तेवढ्या थरथरत होत्या. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघितलं नव्हतं. मग त्याने तंग आणखी एक भोक आवळला आणि तिला मैदानात नेलं.

मॅडमनी डॉक्टर बोलावला. त्याने दात पाहिले, पाय उचलून खूर ठोकून पाहिले, पाठीवरून बोटं दाबत नेली. खांद्यांच्या मागे एका जागी बोटं गेली तशी मावशीची कातडी थरारली.

"इथे दुखतंय हिला," डॉक्टर म्हणाला. "काका, कुठे पडलीबिडली होती का?"

"नाही," मौनीकाका म्हणाला. "ती नाही पडली."

ती पडली नव्हती हे खरंच होतं. डॉक्टरने मान हलवली, वय झालंय म्हणाला, मलम दिलं आणि काही दिवस आराम सांगितला. आरामाने मावशी खुलली. मॅडमना हायसं वाटलं आणि पुन्हा तिच्यावर तेच खोगीर चढलं.

त्या दिवशी पाठीवर पोस्टातल्या बाई होत्या. पोस्टातून निवृत्त झाल्यावर साठी उलटून गेलेल्या या बाईंनी घोड्यावर बसायचं मनावर घेतलं होतं. "जन्मभर दुसऱ्यांचं टपाल हलवलं, आता जरा मी हलते," असं म्हणत त्या स्टुलावर चढून मावशीवर बसायच्या आणि उतरल्यावर तिला हळूच बिस्कीट द्यायच्या. बाई अंगाने भरदार. त्या नीट टेकल्या न टेकल्या तोच मावशीने दोन्ही मागचे पाय झाडले. बाई कुंपणाशी जाऊन पडल्या. मनगट मोडलं.

संध्याकाळी मॅडमनी मौनीकाकाला ऑफिसात बोलावलं. "एका माणसाशी बोलले आहे. आठवड्याअखेर तो गाडी पाठवेल. उद्या एखादं मूल पडलं तर मी काय तोंड दाखवू?" तो माणूस कोण हे मौनीकाकाला माहीत होतं. त्याच्याकडे गेलेले घोडे पुन्हा कुणाला दिसले नव्हते. तो "बरं" म्हणाला आणि बाहेर आला. जेवताना बायकोने दोनदा विचारलं काय झालं, तर "काही नाही" म्हणून पानावरून उठला.

दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या बाई आल्या. हात गळ्यात बांधलेला. त्यांना मावशीवर रागवायचं नव्हतं, तिची माफी मागायची होती.

"तिचा काही दोष नाही हो, काका," त्या मावशीच्या कपाळावर डावा हात ठेवून म्हणाल्या. "माझंच ओझं झालं. म्हाताऱ्या जिवाच्या पाठीवर मी आपली पोतं टाकल्यासारखी जाऊन बसते. आरशात बघायला नको होतं का मी? कालपासून बटाटा बंद केलाय. साखरही बंद. मॅडमना सांगा, मी पुन्हा नाही बसणार, पण हिला घालवू नका."

मौनीकाकाच्या हातात मावशीच्या दाण्याचा तोबरा होता. तो खाली ठेवायचंही त्याला सुचेना. बाई गेल्यावर तो खोगिरांच्या खोलीत गेला, मावशीचं खोगीर गुडघ्यांवर घेतलं आणि पुढचा भाग दोन्ही हातांनी धरून अंगातलं सगळं बळ लावून खाली दाबला. आत काहीतरी करकरलं. हात काढला की सरळ, दाबलं की आतला लाकडी सांगाडा मधोमध उकलायचा आणि खालच्या गादीतून एक टोक वर यायचं. रिकामं असताना कुणालाच कळलं नसतं. वर माणूस बसला की ते टोक थेट घोडीच्या पाठीत. माणूस जेवढा जड, तेवढं खोल.

तो तसाच घरी गेला. बायको मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होती. त्याने दारातच सगळं सांगितलं, हौदापासून पट्ट्याच्या फटक्यापर्यंत. एवढं तो लग्नानंतर कधी सलग बोलला नसेल. तिने मशीन थांबवलं.

"आणि हे मला कशाला सांगताय? मी काय घोडी आहे की मॅडम?"

"काढून टाकतील."

"टाकू देत. त्या घोडीला काढायला निघालेत ते चालतंय तुम्हाला?" तिने त्याची चप्पल पायाने त्याच्याकडे ढकलली. "जा. आत्ताच्या आत्ता."

मॅडमनी खोगीर स्वतः दाबून पाहिलं. एकदा, मग पुन्हा. त्यांचा चेहरा उतरला. "दात बघितले, पाय बघितले, मलमं चोळली," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि काका, तुम्ही शेजारी उभे होतात." त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी फोन उचलून गाडी नको म्हणून कळवलं. मग म्हणाल्या, "बाईंना मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

पोस्टातल्या बाई जेवायला बसल्या होत्या. ताटात काकडीच्या चकत्या, दुसरं काही नाही. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. बाईंनी ऐकलं आणि काकडीकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे हे मी तुमच्यापायी खातेय?" त्यांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "हाताचं जाऊ द्या, हात जुळेल. ती तुम्हाला सांगत होती, काका. चावून सांगत होती. तुम्ही काय केलंत तेव्हा?"

"मारलं."

बाईंनी ताट बाजूला सारलं. "जा आता," म्हणाल्या.

मॅडमनी त्याला काढलं नाही. मावशीला नवं खोगीर आलं. पाठ पूर्ण बरी व्हायला उन्हाळा सरला, आणि एक दिवस ती पोराला घेऊन मैदानात पहिल्यासारखी, कुणाची पर्वा न करता, फेऱ्या मारू लागली. फक्त खोगीर चढवायला मौनीकाका गेला की तिचे कान अजूनही मागे जातात, दुसरं कुणी गेलं तर जात नाहीत. म्हणून ते काम आता मॅडम करतात. खरारा तो करतो, चंदी तो घालतो, ते ती करू देते.

बाईंचं मनगट जुळलं तशा त्या परत आल्या. त्या मौनीकाकाशी चारचौघांसारखं बोलतात. पूर्वी जाता जाता त्याच्याशी थट्टा करायच्या, ती करत नाहीत. तो स्टूल आणून ठेवतो, हलू नये म्हणून पायाने दाबून धरतो, त्या चढतात, बसतात आणि लगाम हातात घेऊन निघून जातात. त्या वळून परत येईपर्यंत तो तिथेच उभा असतो.