चकाकीचं वावडं

चकचकीत वस्तूचा इतका मनापासून संशय घेणारा माणूस माझ्या दाजींखेरीज साऱ्या सांगली जिल्ह्यात दुसरा नसेल. थोरल्या आक्काचे हे यजमान मूळचे वडूजकडचे. नव्वदीच्या दशकात कुपवाडला त्यांचा लहानसा कारखाना होता. इंजिनाचे कनेक्टिंग रॉड यंत्रात टांगायचे आणि त्यांवर मोहरीएवढ्या पोलादी गोळ्यांचा मारा करायचा, एवढंच काम. त्या मारानं धातूची वरची कातडी दाबून घट्ट होते, मग वर्षानुवर्षं हिसके सोसूनही रॉडला सहसा चीर पडत नाही. रूप मात्र जातं. रॉड राखाडी, खरबरीत दिसतो. दाजींना तेच रूप आवडे. लग्नात रुखवताची झगझगीत भांडी दिसली की ते नखानं खरवडून बघत आणि आक्का दुरूनच डोळे वटारी. मी नवी स्कूटर दाखवायला नेली, तर तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "रंग बरा हाय, पावनं. आत काय हाय त्ये कवा कळायचं?" त्यांच्या खिशांतून, मोज्यांतून गोळ्या घरभर सांडत. एकदा एक आमटीत निघाली, तेव्हा आमच्या वडिलांना त्यांनी गंभीरपणे बजावलं, "चावू नगा मामा, दात जाईल. गोळीला काय हुयाचं न्हाई."

साताऱ्याच्या एका पंपइंजिनवाल्याचं मोठं काम मीच मध्यस्थी करून त्यांना मिळवून दिलं. त्यावरच कारखाना टिकणार होता. पहिला माल गेला तसा परत आला. रॉड जुनाट दिसतात, पॉलिशच्या फिरत्या पट्ट्यावर घासून आरशासारखे करून द्या, मगच पुढचं काम, असा निरोप. घासलं की दाबलेली कातडीच निघून जाते, हे सांगायला दाजी साताऱ्याला जाऊन आले. कोणी ऐकलं नाही. आक्का म्हणाली, द्या घासून. मीही तिच्याच बाजूनं बोललो, जरा चढ्या आवाजात.

"मोडला तरी चार वर्षांनी मोडेल, दाजी. कुठल्या विहिरीवर, कुणाचा, कोण विचारायला येतंय?"

"त्येच तर, पावनं," ते म्हणाले. "मोडल्यालं मला कळनारबी न्हाई."

काम गेलं. वर्षाच्या आत यंत्र विकावं लागलं. यंत्राचा टेम्पो फाटकाबाहेर पडला, तेव्हा मी मान खाली घालून उभा होतो. आता बोलतील, असं वाटत होतं. दाजींनी दाराला कुलूप घातलं आणि वाटेत चहा पाजताना आमच्या आईचा गुडघा कसा आहे, एवढंच विचारलं. पुढे ते दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला जाऊ लागले. मला लागेल असा शब्द त्यांच्या तोंडून कधीच आला नाही. आला असता, तर कुपवाडच्या रस्त्यानं जाताना मला आज मान वर करता आली असती.