कुशामावशीची मूठ

लोणी भापकरच्या माझ्या कुशामावशीला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा दवाखान्यात तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या वाढवाव्या लागल्या. ती वाचली, लंगडत का होईना चालायला लागली, बोलणंही पहिल्यासारखं खणखणीत राहिलं. फक्त डावा हात कोपरात आखडला आणि मूठ मिटली ती मिटलीच. अंगठा आत, बोटं त्याच्यावर. त्या मुठीवरून बांगडी काही चढेना. घरादाराला तिचं दुखणं दिसलं ते एवढंच.

याचं मूळ तिची नणंद, ठमाबाई. सवाष्णीचं मनगट मोकळं म्हणजे आपल्या भावाच्या जिवाला धोका, असं त्यांनी ठरवून टाकलं. भाऊ म्हणजे मावशीचा नवरा, झुंबरकाका. गडी धडधाकट, दोन्ही वेळा पोटभर जेवणारा; पण बहिणीपुढं तोंडातून शब्द काढील तर शपथ. जिनं जन्मभर त्याच्या रानातली वांगी तोडली, बाजारासाठी क्रेट भरले, तिच्या हाताचं काय, हे कुणी विचारलं नाही. मला अजून संताप येतो.

मूठ सोडवायला आधी एका ठिकाणी इंजेक्शन देऊन झालं. हात चाचपला आणि अंदाजपंचे सुई टोचली. औषध भलत्याच स्नायूत गेलं. मनगट लुळं पडलं आणि बोटं होती तशीच घट्ट. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ठमाबाई म्हणाल्या, नशीब. मी म्हटलं, नशीब कसलं, नेम चुकला.

त्याचा असर ओसरल्यावर मी मावशीला बारामतीला डॉक्टर प्रगतींकडे नेलं. ठमाबाई सोबत आल्याच. डॉक्टरांनी सोनोग्राफीचं मशीन पुढं ओढलं, तसा ठमाबाईंनी पदर तोंडाला लावला. या वयात सोनोग्राफी? त्यांच्या लेखी ते मशीन फक्त पोटुशा बायांचं. डॉक्टर हसल्या. मावशीच्या हाताला गार जेली लावून त्यांनी पडद्यावर स्नायूंचे थर दाखवले. बोटं मिटवणारा कुठला, अंगठा आत ओढणारा कुठला, हे बघत बघत सुई नेमकी तिथंच न्यायची होती. औषधानं ते स्नायू काही महिने सैल पडतात, तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचा.

सुई हातात घेण्याआधी डॉक्टरांनी मावशीला विचारलं, "हात सैल झाला तर काय करायचंय तुम्हाला?"

"बांगड्या भरायच्यात, दुसरं काय," ठमाबाईच बोलल्या.

डॉक्टर मावशीकडंच बघत राहिल्या. झटक्यापासून तिला असं पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"मला ह्यो हात धुवायचाय," मावशी म्हणाली. "आत नखं रुतत्यात. वास येतो म्हणून मी चारचौघीत बसत न्हाय."

पंधरवड्यात मूठ उकलली. पूर्ण नाही, पण बोटं मागं सारता येण्याइतकी. खबर लागताच ठमाबाई कासाराला घेऊनच दारात हजर. ओसरीवर हिरव्या बांगड्या मांडल्या गेल्या, शेजारणी जमल्या, झुंबरकाकाही येऊन टेकले. भावाचं आयुष्य आता वाढलंच, अशा थाटात ठमाबाईंनी मावशीचं मनगट धरलं.

मावशीनं उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं एकेक करून मागं सारली आणि तळवा त्यांच्यापुढं केला. नखांच्या जखमा होत्या. काही वाळलेल्या, एक अजून ओली.

"वन्सं, हे बघा," ती म्हणाली. "इतकं दिस तुमाला मनगट तेवढं दिसलं."

ठमाबाईंनी हात सोडला. काका खाली मान घालून बसले. मावशी उठली, लंगडत मोरीपाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत साबण घेऊन तळवा धुवायला लागली. सावकाश, बोटाबोटांच्या मधून. आम्ही सगळे बघत होतो आणि तिला अजिबात घाई नव्हती.