अंजनाबाईंचा टोप

शिवदास परब आमच्या समोरच्या दारात राहायचे. अंधेरीच्या रेशनिंग ऑफिसात क्लार्क. संपानंतर वडिलांची गिरणी उघडलीच नाही, तेव्हापासून सहा माणसांचं घर त्यांच्या एका पगारावर. तरी ऑफिसात कुणी चहा देऊ केला की म्हणायचे, "घरचो पिऊन इलंय." माझे मिस्टर थट्टा करत, "याला देव्हाऱ्यात बसवा रे, फक्त आपलं कार्ड तेवढं आधी काढून घ्या."

चौऱ्याऐंशी साल असेल. आमच्या मासळीवाल्या, वेसाव्याच्या अंजनाबाई, पाटी उतरवून पायरीवरच बसल्या. मुलगा वेगळा राहतो, सून पोटुशी, आणि त्यांच्या वेगळ्या कार्डाचा अर्ज पाच महिने पडलेला. कार्ड नाही म्हणून रॉकेल नाही.

"काळ्या बाजाराचं घेतंय गो बाय. त्यात काय मिसळतात देव जाणे. स्टोव भडकला तर पोर जळंल माजी."

मी म्हटलं, समोर परबभावोजी आहेत की. आणि वर शहाणपण शिकवलं, "ऑफिसात नको, घरीच जा. रिकाम्या हाताने मात्र जाऊ नका." कुणाकडे रिकाम्या हाताने आपण जातो का? मला त्यात काही गैर वाटलं नाही.

रविवारी भावोजी दळण आणायला गेले असताना अंजनाबाईंनी माझं नाव सांगून टोपातून दोन सरंगे नेऊन दिले. भावोजींच्या बायकोला, उत्तराला, वाटलं शेजारधर्म. रिकामं भांडं परत करू नये म्हणून तिने त्यात मूठभर रेशनची साखर घातली. दुपारी सगळे जेवले. म्हाताऱ्याने कित्येक महिन्यांनी काटे चोखले. हात धुताना भावोजींनी विचारलं, मासे कुठले? उत्तराने अंजनाबाईंचं नाव घेतलं, तशी त्यांना ऑफिसात पडलेला तो अर्ज आठवला.

संध्याकाळी ते माझ्या दारात उभे. हात कोरडे होते, तरी लुंगीला पुसत होते.

"वहिनी, महिन्याक कोरी कार्डां येतत चाळीस. अर्ज तीनशे. मी नंबरान देतंय, म्हणान माका झोप लागता. तिचो नंबर वर घेतलंय तर कोणाचो तरी खाली जातलो. नाय घेतलंय तर तिचे मासे खाल्लंय."

"मी देते तिला माशांचे पैसे."

"पोटातला कसा परत देतल्यात?"

दहा दिवसांत कार्ड झालं. अंजनाबाईंनी आनंदाने साऱ्या वेसाव्यात सांगितलं. पुढच्या रविवारी नऊच्या आत जिन्यात तीन बायका, तिघींच्या हातात झाकलेले टोप.

"सायेब हायेत ना घरान?"

"बाहेर गेलेत," मी म्हटलं. समोरच्या बंद दाराखालच्या फटीतून भावोजींचे पाय दिसत होते. अकरा वाजेपर्यंत बायका हलल्या नाहीत, पायही हलले नाहीत.

मग ऑफिसातही पोचलं. तिथे घेणारे सगळे इतके दिवस त्यांच्यासमोर जरा दबून असत. आता त्यांचा साहेबच हसत म्हणाला, "काय परब, मासे एकट्यानेच खाता होय?" उत्तराने मला हे सांगितलं तेव्हा ती कुजबुजत होती, भर दुपारी, स्वतःच्या स्वयंपाकघरात. बेल वाजली की घरातले सगळे गप्प होत. रविवारी भावोजी उजाडताच बाहेर पडत, कुठे जात कोण जाणे. कुणी म्हणे घेतो, कुणी म्हणे कमी दिलं की घेत नाही.

त्या महिन्याच्या संकष्टीला मी खीर केली. सहा वर्षांच्या शिरस्त्याने वाटी घेऊन समोर गेले. उत्तराने साखळी न काढताच दार उघडलं. वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, काम काय ता आधी सांगा."

"अगं, काही नाही गं! खीर आहे."

म्हटलं खरं. पण सासूबाईंचं नाव कार्डावर चढवायचा अर्ज दिवाळीपासून माझ्या कपाटात पडून होता, आणि खीर ढवळताना तो मला एकदा आठवला होता. उत्तरा माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मी वाटी घेऊन माघारी आले.