भोंग्याला मागचं दार

आमच्या घरी भोंग्याची नेमणूक मीच केली. लेकीला झोपवायला बागुलबुवा होता, पण तो जुना झाला होता. 'तो राहतो कुठे?' असं विचारून पोरीने त्याला तिसऱ्या वर्षीच निकालात काढला होता. भोंग्याला मात्र पत्ता होता. रोह्याबाहेर कंपन्या सुरू होतात तिथून तो रोज रात्री साडेनवाला ओरडायचा. एकदा अंथरूण घालताना मी म्हटलं, "ऐक, भोंगा आला. जागी दिसलीस तर घेऊन जाईल." पाच मिनिटांत पोर गाढ. बालसंगोपनातला मोठा शोध लावल्याच्या थाटात मी शेजारणीलाही तो फुकट सांगून आले.

शोध आठवडाभर टिकला. मग नवऱ्याला रात्रपाळी लागली. भोंगा झाला, नवऱ्याने डबा उचलला, "चला, भोंगा बोलावतोय" म्हणाला आणि चपला घालायला लागला. पोरीने त्याच्या पायांना मिठी मारून जे भोकाड पसरलं, ते भोंग्यालाही जमलं नसतं.

तिचं काय चुकलं होतं? आमच्या घरात सगळे बोलायचेच तसे. भोंगा झाला, भोंगा चुकला, भोंग्याला पोचायला हवं. भोंगा हाक मारतो आणि बाप लोक निमूट चालू लागतात, तेही डबा घेऊन, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं. तिने त्यातून मार्ग काढला. भोंग्याचं पोट डब्यानेच भरलं तर तो बाबाला कशाला खाईल? म्हणून ती संध्याकाळपासून माझ्यामागे लागायची, "आई, अजून दोन पोळ्या घाल." मी घालायची. नवरा चार दिवस माझ्याकडे फार प्रेमाने बघत होता. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर बायकोला आपली कदर कळली, असं त्याला वाटलं असावं.

पण पोळ्यांनी पोरीला झोप येईना. बाप सकाळी परत येईपर्यंत ती दाराकडे तोंड करून पडायची आणि दिवसा बालवाडीत पेंगायची. डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारीण म्हणाली, "नजर लागलीय गो पोरीला," आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून गेली. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. त्या काळी मुलांना जंताखेरीज दुसरं काही व्हायचंच नाही. बालवाडीच्या बाईंनी 'शूर मुली घाबरत नाहीत' असं बजावलं. त्यामुळे ती घाबरायची ती घाबरायचीच, वर घाबरल्याबद्दल लाजायचीही. नवऱ्याने भोंगा वाफेवर कसा वाजतो ते कागदावर काढून समजावलं. तिने मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग वाफ म्हणजे त्याचा श्वास?"

शेवटी मी मनाचा हिय्या करून कबूल करायला बसले. "हे बघ, भोंगा कुणाला नेत नाही. आई खोटं बोलली." नेमका तेवढ्यात तो ओरडला. माझ्यापेक्षा त्याचा आवाज मोठा होता.

नवऱ्याची रात्रपाळी संपली तशी मी तिला घेऊन पेणला माहेरी निघाले. "आजोबांच्या कारखान्यात जाऊ," असं म्हटलं मात्र, पोरीने एसटीत चढायलाच नकार दिला. पेणमध्ये कारखाना म्हणजे गणपतीचा, हे आम्हा पेणकरांना इतकं अंगवळणी पडलेलं की त्या शब्दाला कुणी घाबरेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कशीबशी चढवली, तर नागोठण्यापर्यंत ती माझा पदर तोंडात धरून बसली होती.

कारखान्याच्या उंबऱ्यावरच ती थांबली. आत फळ्यांवर बिनरंगाचे गणपती ओळीने वाळत होते. तिने माझ्या वडिलांना विचारलं, "आजोबा, तुमचा भोंगा कुठाय?"

मी खालच्या आवाजात सगळी हकीकत सांगितली. वडील माझ्याकडे असे बघत राहिले की मी पुन्हा दहा वर्षांची झाले. "शाबास गो तुझी," एवढंच बोलले. मग नातीला म्हणाले, "आमच्याकडे नाय बाय भोंगा. तू बघितलायस ना? मग तूच कर." आणि शाडूचा एक गोळा तिच्यापुढे ठेवला.

ती दुपारभर बसली. मोठं पोट, त्याहून मोठं तोंड. मग तिने एक काडी घेतली आणि तोंडातून थेट पाठीपर्यंत आरपार भोक पाडलं. वडील मूर्तीला केसाएवढी भेग खपवून घेत नसत. मी म्हटलं, आता ओरडणार.

"हे कशाला गो?"

"मागचं दार हाय. बाबा इकडून आत जातात, मग तिकडून घरी येतात."

वडिलांनी बोट पाण्यात बुडवलं आणि त्या दाराची कड गुळगुळीत करून दिली. भोंगा वाळला, रोह्याला आला, तिच्या उशाशी बसला. पोर झोपायला लागली. मी पुन्हा शेजारणीला सांगायला जाणार होते, पण गेले नाही.

महिन्याभराने नवरा सकाळपाळीला असताना दुपारी बाराच्या सुमाराला भोंगा वाजला. अवेळी. अवेळच्या भोंग्याचा अर्थ आळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होता. आत काहीतरी झालंय. सगळ्या दारांत बायका उभ्या राहिल्या. माझ्या हाताला लागलेली कणीक तशीच वाळत होती.

कुणीतरी माझी साडी ओढली. पोरीने तिचा भोंगा आणला होता. तो माझ्या कणकेच्या हातात ठेवून तिने पाठीकडून फिरवला आणि भोक दाखवलं. "घाबरू नको. दार उघडंच हाय."

तीन वाजता नवरा सायकलवरून आला. "भोंग्याची चाचणी होती. फळ्यावर लिहिलं होतं की," म्हणाला. फळा कंपनीच्या आत होता. मी त्याच्यावर इतकी ओरडले की पोर कानांवर हात ठेवून हसली, आणि मग मला रडू आलं.

पुढच्या सोमवारी त्याला रात्रपाळी लागली. साडेनवाला भोंगा झाला, त्याने डबा उचलला, पोर केव्हाच झोपली होती. तो गेल्यावर मी तिच्या उशाशी बसले आणि त्या मातीच्या भोकात करंगळी घालून बघितली. वाट मोकळी होती.