नायिकांना परत आणणारे मामा

मराठी कादंबऱ्यांत आजवर जितक्या नायिका विरहानं झुरून मेल्या, त्यातल्या निम्म्या तरी माझ्या मामेसासऱ्यांनी परत आणल्या. माणूस म्हणून नव्हे, भूत म्हणून. पण आणल्या हे खरं. माझ्या सासूबाईंचे हे धाकटे भाऊ. कागलकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची गोडी मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन कोल्हापुरात आमच्या गल्लीत राहायला आले तेव्हा त्यांना गोड म्हणून काही सोसेना. चहा बिनसाखरेचा लागे आणि प्रेमकथा बिनभुताची चालत नसे. वाचनालयातून जुन्या प्रेमाच्या कादंबऱ्या आणायच्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मन लावून वाचायच्या आणि चार माणसं दिसतील तिथं त्या भुताखेतांच्या करून सांगायच्या, हा त्यांचा उद्योग.

वाचताना हातात पेन्सिल असे. नायक-नायिका चांदण्यात नदीकाठी भेटली की मामा समासात बारीक अक्षरात लिहीत, 'हितं जागा हाय.' म्हणजे भूत बसवायला जागा आहे. ग्रंथपालबाईंनी एकदा त्यांना बोलावून कादंबऱ्यांचा ढीग आणि एक खोडरबर समोर ठेवलं. मामा मुकाट्यानं दिवसभर खोडत बसले आणि संध्याकाळी घरी येऊन समाधानानं म्हणाले, "खोडता खोडता आणि तीन जागा सापडल्या की." दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेले तर तिथल्या बाकावरच गोष्ट सुरू होई. त्यांच्या गोष्टीतला खवीस मोठा शालीन, नायिकेला रीतसर मागणी घालायला घरी येणारा. तिचे वडील विचारत, "पावणं, करता काय?" तो म्हणे, "पिंपळावर असतो. कायम हाय." नंबर पुकारला तरी कोणी उठेना, तेव्हा डॉक्टर स्वतः बाहेर आले, जरा वेळ दारात उभे राहून ऐकलं आणि म्हणाले, "लग्न होऊ दे, मग पाठवा एकेकाला." माझ्या धाकट्या नणंदेच्या केळवणात त्यांनी सांगितलेल्या कथेत नायकाचे पाय उलटे असल्याचं ऐन लग्नात उघड होत होतं. तिच्या स्वतःच्या लग्नात ती अंतरपाटाखालून सारखी नवऱ्याचे पाय निरखत राहिली. तो बिचारा समजला, मुलगी फार लाजाळू आहे.

मग वाचनालयाच्या वर्धापनदिनाला त्यांना संध्याकाळचा एक तास मिळाला. मामांनी निवडली ती एके काळी घराघरांत वाचली गेलेली कादंबरी. नदीकाठच्या गावात एक शिक्षिका, परगावी गेलेल्या प्रियकराची वाट बघत राहते आणि शेवटी त्याचं पत्र हातात धरून तापानं जाते. माझ्या आईच्या पिढीनं ते शेवटचं पान रडून भिजवलेलं. मामांच्या गोष्टीत ती जाते खरी, पण दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायला शाळेत हजर. प्रियकराची पत्रं लाल शाईनं शुद्धलेखन तपासून त्याला परत पाठवते. त्याच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसते आणि चौथी जिलेबी मागते, तेव्हा कुठं वाढप्याच्या ध्यानात येतं की या बाईची सावलीच पडत नाही.

सभागृह हसत होतं. ग्रंथपालबाई मात्र घाईघाईनं माझ्याजवळ आल्या आणि कानात म्हणाल्या, "शेवटच्या रांगेत पांढऱ्या केसांच्या बसल्यात ना, त्यांनीच लिहिलीय ती कादंबरी. जयसिंगपूरहून मुद्दाम आल्यात." मी मामांना हातानं थांबायची खूण केली. त्यांना वाटलं आवाज पोचत नाही. त्यांनी आवाज चढवला आणि पाचवी जिलेबी वाढली.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. मामांचा चेहरा उतरला. ते त्या लेखिकाबाईंपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले. "बाई, चुकलं माझं. तुम्ही हितं बसलाईसा हे ठाऊक नव्हतं."

"ती हजेरी घेते, तेवढं पुन्हा सांगा," बाई म्हणाल्या. मामांनी चाचरत सांगितलं. बाई हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "तिला मारलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. परत आणता येतं, हे मला सुचलंच नाही हो."

त्यानंतर दर गुरुवारी दुपारची एसटी धरून मामा जयसिंगपूरला जाऊ लागले. बाई भाचीकडे राहत. दोघं मिळून बाईंच्या एकेका कादंबरीत भुतं सोडत, आणि भूत कुठं शोभेल यावर कडाडून भांडत. येताना मामांच्या पिशवीत भाचीनं दिलेला भडंगाचा पुडा आणि तोंडावर पोरासारखी खुशी असे. दोनेक वर्षं अशी गेली. मग बाई विसरू लागल्या. आधी नावं, मग माणसं, मग आपण कधी काही लिहिलं होतं हेही.

एका गुरुवारी मामा मला म्हणाले, "सूनबाई, आज चल संगट." आम्ही पोचलो तेव्हा बाई खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर तीच नदीकाठची कादंबरी. "छान दिसतंय पुस्तक. कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं. मामांनी ते घेतलं आणि शेवटचं प्रकरण वाचायला लागले. मी भुताची वाट बघत होते. पण मामांनी आपल्या पदरचा एक शब्द घातला नाही. जसं छापलं होतं तसं, सावकाश, पत्र हातात धरून ती जाते तिथपर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटलं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "आणि मग? ती परत येत नाही?"

"येते की," मामा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी हजेरीला येते." आणि पुढची सगळी गोष्ट त्यांनी जिलेबीपर्यंत सांगितली. बाई मान मागे टाकून हसत होत्या.

परतताना एसटीत मी विचारलं, "आधी सरळ का वाचलं, मामा?"

"बाईंचं लिवणं हाय ते. इसरल्या म्हणून काय झालं, पयलं त्येंचं त्येंना द्यायला नको?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दर गुरुवारी असंच वाचतोय. दर गुरुवारी त्या तेच इचारतात. सांगायचा कंटाळा न्हाय. पर तिला दर आठवड्याला मारायचं, तेवढं लई जड जातंय बघ."

बाई गेल्या, त्यालाही आता वर्ष होत आलं. मामा अजून गोष्टी सांगतात. दवाखान्यातला बाक अजून हसतो. ती एक कादंबरी मात्र ते कुणाला सांगत नाहीत. कोणी फारच आग्रह केला तर चष्मा पुसत म्हणतात, "ती नको. ती आमच्या दोघांत हाय."