गाडीचं तेल आणि माझं पुढं बसणं

अंगात येणं, करणी, उतारा... यातलं मला कधीच काही पटलं नाही. सासूबाई चिडायच्या, तरी मी कुठं कौल लावायला गेले नाही. शिक्षण चौथीपर्यंत, पण डोळ्यानं दिसेल तेवढंच खरं मानायचं हा माझा स्वभाव. चार माणसांत माझी जीभ वळत नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

आमचे मालक शेळ्या-मेंढ्यांचे व्यापारी. गाव चारठाण्याजवळ. जनावरं टेम्पोत पुढं जातात आणि मालक आपल्या गाडीत मागून — जिंतूर, पूर्णा, जिथं बाजार असेल तिथं. गाडी लाल, टर्बो इंजिनची. आधी वर्षानुवर्षं खडखडणारा टेम्पो चालवला, म्हणून ही पळणारी गाडी हौसेनं घेतली. पण नवी असून ती इंजिनचं ऑईल प्यायची. सर्व्हिसिंग झालं की थोड्याच दिवसांत तेल मोजायच्या पट्टीवर तेल खालच्या खुणेला. मी गाडीखाली पोतं अंथरून बघितलं, एक थेंब नाही. धूर नाही. शोरूमवाले म्हणाले, "टर्बो गाड्या थोडं तेल खातातच."

"इंजिन बसायच्या आधी इकून टाकतो," मालक म्हणाले, आणि न जेवताच उठले.

त्याच आठवड्यात माझे डोळे दाखवायला परभणीला निघालो. आमच्यात बाई नवऱ्याशेजारी पुढं बसत नाही. मी मागं. गावचा फाटा ओलांडल्यावर मालक म्हणाले, "मागून काय बोलायलीस, काईच ऐकू येईना. ये पुढं." रस्त्यावर ओळखीचं कुणी नव्हतं... गेले.

नंतर पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला, पूर्णेला भावाकडं, अशा खेपा झाल्या. दर वेळी फाट्यापर्यंत मी मागं, फाट्यापासून पुढं. आणि तेल हललंच नाही! मग मालक एकटे बाजाराला जायला लागले, तर पुन्हा खाली. जाऊबाई सोबत होत्या तेव्हा मी सगळी वाट मागं बसले, तरी खाली. पुढं बसले — जिथल्या तिथं.

मला वाटलं, माझ्यामुळं हळू चालवत असतील. हळू कुठलं! मी शेजारी असले की जास्तच पळवायचे. मग वाटलं, हेच गुपचूप ओततात. मी तेलाचा कॅन माझ्या पेटीत कुलपात ठेवला. तरी तेच.

परभणीचे मिस्त्री सलीमभाई हे सगळं ऐकून हसत म्हणाले, "शेठ, भाभी को बाजू में बिठाव और घुमाव. इंजिन खोलने की जरूरतच नै."

मालकांनी ते मनावर घेतलं. बाजार असला की मी सोबत. घरात आम्ही दोन शब्द बोलत नव्हतो, गाडीत मात्र यांचं तोंड थांबायचं नाही. व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून शेळीचा भाव ठरवतात, ते मला शिकवलं. एकदा गाडी लिंबाखाली लावून माझीच बोटं रुमालाखाली धरली.

"किती झाले, सांग?"

"सोडा की... कुणी बघल."

"आधी भाव सांग, मग सोडतो."

पुढं शोरूमवाल्यांनी इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा बदलल्या. आता कुणीही बसा, तेल कमी होत नाही. मालक खूश. मीही वरवर खूश आहे म्हटलं.

पुढच्या बाजाराला सकाळपासून नवं लुगडं नेसून तयार होते, पण येऊ का म्हणून विचारायला तोंड उघडेना. त्यांनीही विचारलं नाही. गाडी गेली. मी ज्वारी निवडत बसले. दाणे दिसेनात, सारखे डोळे पुसत होते.

तेवढ्यात दारात हॉर्न वाजला.

"काय इसरलं वो?"

"फाट्यावर थांबून तेल बघितलं. भरेल हाय."

"मग?"

"मग काय... एकट्यानं जाववंना. येतीस का गाडी बिघडवू परत?"

जाऊबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगं बया, गावातूनच पुढं बसायलीस की!" माझे कान तापले. मी गाडीचं दार लावून घेतलं.

रिंगा झिजल्या होत्या, हे कळलं. पण त्याच झिजलेल्या रिंगा मी शेजारी असताना तेल का पीत नव्हत्या? सलीमभाईंना सांगता येत नाही, शोरूमवाल्यांना नाही, मलाही नाही. मालकांना विचारलं तर म्हणतात, "तुला काय करायचंय? पट्टा लाव."