डोळ्यातलं तेल आणि पाचोडचे मामा

"तेल पुढं आलंय," डॉक्टर मॅडम माझ्या डाव्या डोळ्यात बघत म्हणाल्या. "डोळ्याचा दाब नेहमीच्या दुपटीहून जास्त आहे. पालथं झोपायला सांगितलं होतं. झोपलात?"

मी बायकोकडं पाहिलं. सुनंदानं छताकडं पाहिलं.

चार दिवसांपूर्वी माझं रेटिनल डिटॅचमेंटचं ऑपरेशन झालं होतं. रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा. माझा सुटला होता. तो बसवून, जागेवर राहावा म्हणून आत सिलिकॉन ऑइल भरलं. हे तेल डोळ्यातल्या पाण्यावर तरंगतं. माणूस पालथा असला की ते पडद्याला दाबून धरतं. उताणा झाला की पुढं येऊन त्या पाण्याची वाट अडवतं, मग दाब चढतो. सगळं समजावलं होतं. कागदावर सही माझीच आहे.

पण आमच्याकडं आजाऱ्याला बघायला माणसं येतात. दुसऱ्याच दिवशी पाचोडहून मामा आले.

"भाच्या, पाठ बघायला आलो व्हय मी एवढ्या लांबून? तोंड दाखव की!"

मामांपुढं पालथं पडून राहायचं? मी उठलो, लोडाला रेलून डोकं मागं टाकलं आणि ऑपरेशनची कथा रंगवली. डॉक्टरांच्या नकला केल्या. मामा लई खूश. मग शेजारी आले, गंगापूरचे साडू आले. प्रत्येकाला नवा प्रयोग. दोन दिवस हाऊसफुल्ल!

चौथ्या सकाळी कपाळ ठणकलं, उलटी झाली. मी म्हटलं, पित्त.

"पित्तानं एकच डोळा लाल होत नाय," सुनंदा म्हणाली. "उठा."

आता मॅडम सांगत होत्या, "दाब उतरला नाही तर डोळ्यामागची नस वाळेल. मग पडदा जागेवर असूनही दिसणार नाही."

मी तिथंच मान खाली घातली. सुनंदा म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच.

थेंब, गोळ्या, पाण्याला वाट मिळावी म्हणून बुबुळाला लेसरनं बारीकसं भोक, आणि पालथं पडणं. मामा पुन्हा आले. मी पलंगाच्या कडेवरून तोंड खाली सोडलेलं. त्यांनी खाली सतरंजी टाकली, उताणे झाले आणि म्हणाले, "हं, बोल आता."

तिसऱ्या दिवशी दाब उतरला.

ज्यांच्या डोळ्यात असं तेल भरलंय, त्यांना हात जोडून सांगतो: पाहुण्यांना खुशाल पाठ दाखवा. डोळा दुखून उलटी झाली तर पित्त म्हणून घरी बसू नका.

काही महिन्यांनी तेल काढलं. पट्टी सोडल्यावर मॅडमनी माझा उजवा डोळा झाकला आणि विचारलं, "काय दिसतंय?"

समोर सुनंदा उभी होती. थोडी धूसर, पण कपाळावरच्या आठ्या मोजता आल्या. दोन. दोन्ही माझ्यामुळं पडलेल्या.